प्रश्न आणि चौकट : व्ही. शांताराम यांचा कॅमेरा कसा बोलतो?

१/
पडद्यावर एका सुखवस्तू वकिलाचे घर दिसते. भिंतीवर जुने लंबकाचे घड्याळ आहे. घराचा मालक वयस्क विधुर. त्याने नुकतेच आपल्या मुलीच्या वयाच्या तरुणीशी लग्न केले आहे. ते घड्याळ अडखळते, बंद पडते, आणि मालक त्याला पुन्हा चालते करू पाहतो. कोणी काही बोलत नाही. तरीही प्रेक्षकाला उमगते, की हे घड्याळ म्हणजे तो गृहस्थच.

२/
हा चित्रपट म्हणजे प्रभातचा ‘कुंकू’, वर्ष १९३७. दिग्दर्शक व्ही. शांताराम, म्हणजेच शांताराम राजाराम वणकुद्रे. मित्रहो, आजच्या लेखमालेत या माणसाच्या शैलीचा इतिहास पाहू. माझा हा आवडता दिग्दर्शक आहे, हे आधीच सांगून टाकतो. पण आवड म्हणजे आरती नव्हे. त्यांच्या कॅमेऱ्याची करामत केव्हा भाषा होते आणि केव्हा नुसती आरास उरते, हा आपला मुख्य मुद्दा.

३/
जन्म १८ नोव्हेंबर १९०१, कोल्हापूर. लहानपणी काही काळ गंधर्व नाटक मंडळीत, पुढे हुबळीच्या रेल्वे कारखान्यात उमेदवारी. महाविद्यालयाचे शिक्षण नाही, चित्रकलेची पदवी नाही. पण एका हाताशी रंगभूमी आणि दुसऱ्या हाताशी यंत्र, असा हा मुलगा १९२०च्या सुमारास कोल्हापूरच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत दाखल झाला. त्याचे खरे विद्यापीठ हेच.

४/
या कंपनीचे धनी बाबूराव पेंटर. मूळचे चित्रकार, नाटकांचे पडदे रंगवणारे. चित्रपट काढायचा तर कॅमेरा हवा, आणि तो मिळत नाही तर आपणच बनवू, असा त्यांचा खाक्या. विष्णुपंत दामले यांच्या साथीने त्यांनी तो खरोखरच बनवला. अशा कारखान्यात शांताराम यांनी पडेल ते काम केले. झाडलोटीपासून अभिनयापर्यंत कोणतेही काम तिथे हलके नव्हते.

५/
१९२५ सालचा ‘सावकारी पाश’ येथे विसरता येणार नाही. हा एक मूकपट. सावकाराने जमीन गिळल्यावर शहराची वाट धरणारा तरुण शेतकरी शांताराम यांनीच साकारला होता. त्यातले एक दृश्य जुन्या जाणकारांनी पुन्हा पुन्हा वाखाणले आहे : उदास झोपडी, अंधूक उजेड आणि रडणारा कुत्रा. मूकपटात आवाज नाही, तरी ते रडणे ऐकू येते. वस्तूला आणि जागेला बोलते करण्याचा धडा शांताराम यांनी गुरूच्या घरीच गिरवला, असे मला वाटते.

६/
१९२७ मध्ये ‘नेताजी पालकर’ हा त्यांच्या दिग्दर्शनाचा आरंभ. दोन वर्षांनी, १ जून १९२९ रोजी, कोल्हापुरातच प्रभात फिल्म कंपनी उभी राहिली. भागीदार पाच : दामले, शेख फत्तेलाल, केशवराव धायबर, सीतारामपंत कुलकर्णी आणि शांताराम. कुलकर्णी सराफ, बाकीचे चौघे बाबूरावांच्याच तालमीतले. ‘प्रभात’चे श्रेय एकट्या शांताराम यांना देण्याची घाई आपण करतो. फत्तेलाल यांचे कलादिग्दर्शन आणि दामले यांचे ध्वनीचे ज्ञान नसते, तर शांताराम यांच्या कल्पना कागदावरच राहिल्या असत्या.

७/
आणि हा काळ इंग्रजी अमलाचा. शिवरायांवरच्या मूकपटाला ‘स्वराज्याचे तोरण’ हे नाव दिले, ते सेन्सॉरला खपले नाही. चित्रपट ‘उदयकाल’ या नावाने आला. पुढे १९३५ मध्ये संत एकनाथांवरच्या चित्रपटाचे ‘महात्मा’ हे नाव बदलून ‘धर्मात्मा’ करावे लागले, कारण ‘महात्मा’ म्हणताच लोकांना गांधीजी आठवत. शब्दावर पहारा असला, की प्रतिमेवरचा भार वाढतो. शांताराम यांची शैली समजून घेताना हा पहारा ध्यानात ठेवावा.

८/
१९३२ मध्ये ‘अयोध्येचा राजा’ हा मराठीतला पहिला बोलपट त्यांनी दिला. दुर्गा खोटे आणि गोविंदराव टेंबे प्रमुख भूमिकांत. १९३३ मध्ये प्रभात पुण्याला आली. त्याच सुमारास ‘सैरंध्री’ला रंग चढवण्यासाठी शांताराम जर्मनीला गेले. रंगांचा प्रयोग फसला. पण तिथली यंत्रसामग्री, भिंगे आणि छायाप्रकाशाचा जर्मन पटांतला नाट्यमय वापर त्यांनी पाहिला. रंग हाती लागला नाही, नजर मात्र लागली.

९/
त्या नजरेचे पहिले फळ म्हणजे पुण्यातला पहिला चित्रपट, ‘अमृतमंथन’ (१९३४). देवीपुढचे बळी बंद करणारा राजा आणि त्याच्या जिवावर उठलेला राजगुरू, असे कथानक. हिंदी आवृत्तीत राजगुरू झाले चंद्रमोहन, मराठीत केशवराव दाते. चंद्रमोहन यांचा एकच डोळा सगळा पडदा व्यापून टाकतो, ते दृश्य आजही पाहणाऱ्याला दचकवते. दूरच्या भिंगाने टिपलेला हा डोळा निव्वळ चमत्कृती नाही. आंधळ्या श्रद्धेच्या नावाने सत्ता गाजवणाऱ्यांची नजर कशी असते, याचे ते चित्र आहे.

१०/
‘अमरज्योती’त (१९३६) दुर्गा खोटे समुद्रावरच्या बंडखोर स्त्रीच्या रूपात येतात. आईचा आपल्या मुलावर हक्क नाही, हे ऐकून पेटून उठलेली ही सौदामिनी. कथा कल्पित राज्यातली. प्रश्न मात्र त्या काळच्या प्रत्येक घरातला. पुढच्याच वर्षी शांताराम यांनी कल्पित राज्य सोडले आणि थेट घरात शिरले. ते घर म्हणजे ‘कुंकू’.

११/
‘कुंकू’चे मोल कळण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. गोविंद बल्लाळ देवल यांचे ‘संगीत शारदा’ १८९९ चे. म्हाताऱ्या भुजंगनाथाशी कोवळ्या शारदेचे लग्न ठरते. ते कशाने मोडते? वधूवर सगोत्र निघतात म्हणून! म्हणजे मुलीचा ‘नकार’ नव्हे, शास्त्राचा नियम तिला वाचवतो. नंतर शारदा कायदा आला; १ एप्रिल १९३० पासून तो लागू झाला. (त्याचे नाव हरविलास सारडा यांच्या आडनावावरून पडले, देवलांच्या नायिकेवरून नव्हे. हा घोटाळा पुष्कळांचा होतो.) त्याने मुलींसाठी लग्नाचे किमान वय १४ ठरवले. पण वयात आलेल्या मुलीला फसवून म्हाताऱ्याच्या गळ्यात बांधले, तर कायदा काय करणार?

१२/
नारायण हरी आपटे यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवर बेतलेल्या ‘कुंकू’त नीरा हे उत्तर स्वतः देते. लग्न होऊन जाते. पण ती त्या लग्नाला लग्न मानत नाही. शांता आपटे यांची नीरा रडत बसत नाही. अंगचटीला येणाऱ्या सावत्र मुलाला ती छडीने फोडून काढते. देवलांची शारदा आणि ही नीरा यांच्यात ३८ वर्षांचे अंतर आहे. शारदेची सुटका इतरांकडून होते, नीरा सुटकेसाठी स्वतः उभी राहते.

१३/
आता शैलीकडे वळू. या चित्रपटात पार्श्वसंगीताचा आधार जवळजवळ घेतलेलाच नाही. जे ऐकू येते ते घरातले आणि रस्त्यावरचे : घड्याळाची टिकटिक, पावले, भांडी, दारे. प्रेक्षकाने केव्हा रडावे हे सांगणारे वाद्य नाही. आरसा फुटतो, आणि काकासाहेबांना आपलाच चेहरा अनेक तुकड्यांतून आपल्याकडे पाहताना दिसतो. केशवराव दाते यांचा हा काकासाहेब खलनायक नाही, यात शांताराम यांचे मोठेपण आहे. तो स्वतःचा अपराध हळूहळू ओळखत जातो. अखेर नीरेला पुनर्विवाहाची मोकळीक देणारे पत्र मागे ठेवून तो जीव देतो.

१४/
येथे एक गैरसमज दूर करू. ‘संत तुकाराम’ (१९३६) शांताराम यांचा, असे कित्येकजण लिहितात. तो दामले आणि फत्तेलाल यांचा. दोन्ही एकाच आवारातले चित्रपट, पण स्वभाव निराळे. ‘तुकाराम’चा कॅमेरा शांतपणे बसून पाहतो, शांताराम यांचा कॅमेरा अस्वस्थ, सतत काही शोधणारा. एकाच छपराखाली या दोन रीती नांदल्या, हे प्रभातचे भाग्य.

१५/
‘माणूस’ (१९३९) ही एका पोलीस शिपायाची आणि वेश्यावस्तीतल्या मैनेची कथा. शाहू मोडक आणि शांता हुबळीकर. चार वर्षांपूर्वीच्या ‘देवदास’ने प्रेमभंगात झुरून मरण्याला एक मोहक वलय दिले होते. शांताराम यांचा गणपतही मरणाच्या काठापर्यंत जातो, आणि परत फिरून आपल्या कामावर रुजू होतो. मैनेची कोठडी मात्र सुटत नाही. समाज तिला परत फिरू देत नाही, हे दिग्दर्शक लपवत नाही.

१६/
मग ‘शेजारी’ (१९४१). मार्च १९४० मध्ये मुस्लिम लीगने लाहोरचा ठराव केला होता. हवा तापली होती. जिवबा आणि मिर्झा हे दोन जिवलग शेजारी, आणि धरणाच्या कामासाठी त्यांच्यात फूट पाडणारा भांडवलदार. शेवटी धरण फुटते आणि ते दोघे एकमेकांना धरून पाण्यात जातात. हिंदी आवृत्ती ‘पडोसी’मध्ये शांताराम यांनी मुसलमान मिर्झाची भूमिका गजानन जागीरदारांना दिली आणि हिंदू ठाकूरची मझहर खान यांना. भाषण न करता केलेले हे भाष्य होते.

१७/
१९४२ मध्ये ते प्रभातमधून बाहेर पडले आणि मुंबईत राजकमल कलामंदिर उभे केले. सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांच्या चीनमधल्या रुग्णसेवेवर १९४६ मध्ये त्यांनी चित्रपट काढला आणि कोटणीसांची भूमिका स्वतःच केली. या काळातही प्रश्न आणि चौकट यांची जोडी शाबूत होती.

१८/
आता अप्रिय भाग. ‘झनक झनक पायल बाजे’ (१९५५) आणि ‘नवरंग’ (१९५९) यांत रंग आहेत, नृत्ये आहेत, डोळे दिपवणारी सजावट आहे. ती दाद देण्याजोगी आहेच. पण ‘कुंकू’तले एक घड्याळ जेवढे सांगून जाते, तेवढे इथल्या शंभर कारंज्यांना सांगता येत नाही. कारण विचारण्यासारखा प्रश्नच तिथे फारसा उरलेला नाही. कारागिरी तीच, कारागीर तोच; हेतू गेला, की कारागिरी स्वतःचेच प्रदर्शन मांडून बसते.

१९/
मात्र या दोहोंच्या मधोमध, १९५७ मध्ये, ‘दो आँखे बारह हाथ’ उभा आहे. त्याची मुळे आपल्या मातीतली. औंध संस्थानाने आटपाडीजवळ ‘स्वतंत्रपूर’ ही कैद्यांची खुली वसाहत उभारली. तिच्यामागे मॉरिस फ्रिडमन या पोलिश अभियंत्याची प्रेरणा होती. गजाआड न ठेवता, विश्वास टाकून गुन्हेगाराला माणूस करता येईल का, हा तो प्रयोग. ग. दि. माडगूळकर यांनी त्यावर कथा रचली.

२०/
सहा खुनी कैदी, म्हणजे बारा हात. त्यांच्यावर लक्ष ठेवणाऱ्या एका जेलरच्या दोन नजरा. पडीक जमीन, नांगर, भाजीपाला. रंगांचा मोह इथे नाही, चित्र काळेपांढरे आहे. ‘अमृतमंथन’मधला डोळा दहशत बसवत होता, २३ वर्षांनंतरचा हा डोळा विश्वास टाकतो. जेलर शांताराम स्वतःच झाले. बैलाशी झुंजीचे दृश्य चित्रित करताना त्यांच्या डोळ्यांना गंभीर इजा झाली. डोळ्यांवरचा चित्रपट करताना डोळेच पणाला लागले! १९५८ च्या बर्लिन महोत्सवात या चित्रपटाला रौप्य अस्वलाचा मान मिळाला.

२१/
सत्तरी गाठल्यावर ‘पिंजरा’ (१९७२) आला. तमाशा बंद पाडायला निघालेला आदर्श शिक्षक त्याच तमाशाच्या मागे वाहवत जातो. गाव समजते की गुरुजींचा खून झाला. आणि त्या खुनाच्या आरोपाखाली उभा असतो तो स्वतः गुरुजीच. गावाच्या मनातली प्रतिमा वाचावी म्हणून तो फाशी पत्करतो. डॉ. श्रीराम लागू यांचा तो चेहरा आठवा. माणूस मोठा की त्याची मूर्ती, हा प्रश्न सापडताच म्हातारा कॅमेरा पुन्हा बोलू लागला. यातही रंग आहेत, नाच आहे. पण इथे ते कथेच्या कामाला जुंपलेले आहेत.

२२/
१९८५ चा दादासाहेब फाळके पुरस्कार त्यांना मिळाला. ३० ऑक्टोबर १९९० रोजी ते गेले. पुण्यातले प्रभातचे आवार त्याआधीच फिल्म इन्स्टिट्यूट झाले होते. ज्या जागी महाविद्यालय न पाहिलेल्या माणसांनी चित्रपट शिकवण न घेता उभे केले, तिथे पुढे चित्रपटाचे रीतसर शिक्षण मिळू लागले.

२३/
इतिहासाच्या विद्यार्थ्याने जुना चित्रपट केवळ ‘जुना’ म्हणून पाहू नये. तो कागदपत्राइतकाच बोलका पुरावा असतो : त्या काळच्या माणसांना काय सलत होते, काय उघड बोलता येत नव्हते, हे तो सांगतो. तेव्हा या रविवारी ‘कुंकू’ लावा, आवाज थोडा वाढवा, आणि ते घड्याळ ऐका. ते थांबेल तेव्हा घरात कोण कोण गप्प झाले, ते पाहा. आणि तुम्हाला शांताराम यांची कोणती चौकट विसरता येत नाही, ते खाली जरूर लिहा.