ज्वालाशोधकाची कैफियत

तेलाचे साठे आणि विमानांच्या हँगरांवर अहोरात्र पहारा देणारे प्रकाशीय ज्वालाशोधक यंत्र विसाव्या शतकाचे अपत्य असले, तरी त्याच्या गुणदोषांची कैफियत एकोणिसाव्या शतकातील प्रयोगशाळांच्या दप्तरी आधीच दाखल झालेली होती.

इ. स. १८०० मध्ये विल्यम हर्शेलने लोलकाने पृथक् केलेल्या सूर्यप्रकाशात तांबड्या रंगापलीकडे उष्णतामापक ठेवला असता त्यातील पारा चढला आणि अवरक्त किरणांचा शोध लागला. पुढल्याच वर्षी रिटरने जांभळ्यापलीकडे सिल्व्हर क्लोराइड काळवंडताना पाहून अतिनील किरणांचे अस्तित्व सिद्ध केले. १८८७ मध्ये हाइनरिख हर्ट्‌झला असे आढळले, की एका ठिणगीच्या अतिनील प्रकाशाने दुसरी ठिणगी सुलभतेने उडते, परंतु मध्ये काच धरली तर हा परिणाम लोपतो आणि स्फटिक धरल्यास टिकतो. अतिनील किरण टिपणाऱ्या ज्वालाशोधकाची खिडकी साध्या काचेची का नसते, याचे कारण तेथेच सापडते. आणि त्या खिडकीवर तेलाचा वा काजळीचा पातळ थर साचला, की तिची अवस्था काचेसारखीच होते.

सूर्याच्या अतिनील किरणांचा लघुतम भाग वातावरणातील ओझोन शोषून घेतो, हे हार्टलीने १८८१ च्या सुमारास दाखविले. म्हणूनच १८५ ते २६० नॅनोमीटरच्या पट्ट्यात पाहणाऱ्या यंत्राला ऊन दिसत नाही. परंतु वीज आणि वेल्डिंगची ठिणगी ओझोनाच्या पडद्याअलीकडच्या असल्याने त्यांच्याकडून त्याची फसगत होते.

कार्बन मोनॉक्साइडच्या ज्वालेचे प्रारण कार्बन डायऑक्साइड वायू विशेषेकरून शोषतो, हे जॉन टिंडलने १८६० च्या दशकात सिद्ध केले. कार्बनयुक्त इंधनाच्या ज्वालेतील हाच तप्त वायू ४.३ मायक्रोमीटरच्या आसपास प्रखरतेने प्रारण करतो, तर सूर्याचा तेवढा पट्टा वातावरणातील हाच वायू अडवितो; म्हणून अवरक्त शोधक याच पट्ट्यावर नजर ठेवतो. तापलेल्या यंत्रांपासून ज्वाला निराळी ओळखावी, म्हणून तिचे दर सेकंदाला १ ते २० वेळांचे लुकलुकणेही तपासण्यात येऊ लागले. तथापि हायड्रोजनच्या कार्बनरहित ज्वालेपुढे हा शोधक निरुपयोगी ठरतो, आणि भिंगावरचे पाणी वा बर्फ त्याची दृष्टी मंद करते. शिवाय अंतर दुप्पट झाले, की पोहोचणारे प्रारण चतुर्थांशच उरते.

एकाच्या उणिवेची भरपाई दुसऱ्याने करावी, या हेतूने पुढे अतिनील व अवरक्त अशा दोघांची साक्ष जुळल्याविना वर्दी न देण्याची तजवीज झाली. खोट्या वर्द्या त्यायोगे घटल्या, मात्र दोहोंपैकी एकाची दृष्टी झाकोळली, तर खरी वर्दीही अडून राहण्याचा धोका त्याच तजविजीने निर्माण केला.