नर्मदाकाठचे रावेर

इतिहासाच्या पुस्तकांत काही गावांची नावे एकदाच येतात. एखाद्या मृत्यूच्या तारखेला जोडून ती उच्चारली जातात आणि पुढच्या परिच्छेदात कायमची मागे पडतात. निमाडातील रावेर हे अशा गावांपैकी एक होय. २८ एप्रिल १७४० रोजी, शके १६६२च्या वैशाख शुद्ध त्रयोदशीस, थोरले बाजीराव पेशवे येथे निवर्तले, एवढे मराठी शाळेत शिकलेल्या बहुतेकांस ठाऊक असते. परंतु हे रावेर कोठे, असे विचारले तर पुष्कळांचे बोट खानदेशातील रावेराकडे, म्हणजे भुसावळ-खंडवा लोहमार्गावरील तालुक्याच्या गावाकडे वळते. ते रावेर निराळे. बाजीरावांचे रावेर सातपुड्याच्या उत्तरेस, नर्मदेच्या दक्षिण तीरावर, आजच्या मध्य प्रदेशातील खरगोण जिल्ह्यात आहे. जवळच्या खेडीचे नाव जोडून लोक त्यास रावेरखेडी म्हणतात.

इंदूरहून खंडव्याकडे जाणारा रस्ता बडवाह ओलांडून मोरटक्क्याच्या पुलावरून नर्मदा पार करतो आणि सनावदला पोहोचतो. तेथून पश्चिमेकडे बेडियाची वाट धरावयाची. बेडिया मिरचीच्या बाजारासाठी प्रसिद्ध आहे. हंगामात तेथील मोकळ्या जागा लाल मिरचीच्या राशींनी झाकून जातात. त्यापुढे काळ्या जमिनीची शेते, कापूस, ज्वारी, बांधावरचे निंब, आणि अखेरीस नदीच्या दिशेने उतरत जाणारी भूमी. या वाटेने सहज म्हणून कोणी येत नाही. अपवाद परिक्रमावाशांचा. नर्मदेस उजव्या हाताशी ठेवून ओंकारेश्वराहून निघालेला परिक्रमावासी दक्षिण काठाने पश्चिमेकडे चालत राहतो आणि टोकसर, रावेरखेडी, बकावा अशी गावे एकामागून एक ओलांडतो. बकाव्यास नर्मदेच्या पाषाणातून शिवलिंगे घडविण्याचा धंदा पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. तेव्हा हा मुलूख निर्जन नाही. तो केवळ आडवाटेला पडला आहे, आणि तो आडवाटेला कसा पडला हाच त्याच्या इतिहासाचा गाभा होय.

अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात परिस्थिती नेमकी उलट होती. मोगली राज्यव्यवस्थेत नर्मदा ही दख्खन आणि हिंदुस्थान यांच्यामधील सीमा मानली जात असे. दक्षिणेकडून निघालेल्या फौजेस खानदेशातून सातपुड्याच्या खिंडी ओलांडून निमाडच्या सपाटीवर यावे लागे, आणि नर्मदा पार केल्यावाचून विंध्याचा घाट चढून माळव्यात प्रवेश करता येत नसे. नदीवर पूल नव्हते. म्हणून सारे गणित उतारांवर अवलंबून असे. जेथे पात्र रुंद व पाणी उथळ, काठ घोड्यांना चढण्याजोगा आणि आसपास तळ देण्यास मोकळी जमीन, तेथे लष्कराची वाट तयार होई. ओंकारेश्वराजवळ नदी डोंगरांत कोंडली आहे, आणि खाली महेश्वराजवळ सहस्रधारेचे खडक तिच्या पात्रात पसरले आहेत. या दोहोंमधील निमाडची सपाटी काठ उतरण्यास सोयीची. पावसाळा सुरू झाला की हे उतार बंद पडत. दसऱ्याला मोहीम निघे आणि मृगापूर्वी फौजा परतत किंवा छावणी करून राहत, या मराठी शिरस्त्यामागे नद्यांची ही निकड होती.

बाजीरावांच्या वीस वर्षांच्या पेशवाईचा फार मोठा भाग या नदीच्या दोन काठांवर व्यतीत झाला. १७२८च्या नोव्हेंबरात चिमाजीअप्पांनी नर्मदा ओलांडून अमझेऱ्याच्या रणांगणावर गिरधर बहादूर व दया बहादूर यांचा पाडाव केला. त्या दिवसापासून माळव्यातील मोगली अंमलाचा पाया ढासळू लागला. १७३७च्या मार्चअखेर बाजीराव दिल्लीच्या वेशीपर्यंत जाऊन आले. १७३८च्या जानेवारीत भोपाळनजीक कोंडल्या गेलेल्या निजामाने तह करून संपूर्ण माळवा, आणि नर्मदा व चंबळ या नद्यांमधील मुलखाचे स्वामित्व पेशव्यास मिळवून देण्याचे कबूल केले. कबूल केले, एवढेच. बादशाही सनद हाती आली नव्हती.

१७४०च्या आरंभी निजामाचा मुलगा नासिरजंग याच्याशी औरंगाबादच्या परिसरात युद्ध जुंपले. त्याच सुमारास पुण्यास रघुनाथरावांची मुंज आणि सदाशिवरावांचे लग्न उरकले गेले. घरातील या दोन्ही कार्यांस पेशवे स्वतः हजर नव्हते. फेब्रुवारीअखेर मुंगी-पैठण येथे तह झाला आणि नासिरजंगाने नर्मदेच्या दक्षिणेकडील निमाड व खरगोणचा मुलूख बाजीरावांस जहागीर दिला. कागदावर मिळालेली जहागीर हाती येण्यास तेथे ठाणी बसवावी लागतात. त्या कामासाठी पेशवे निमाडात उतरले. तेव्हा रावेरचा मुक्काम दिल्ली जिंकण्याच्या मोहिमेतला नव्हता. नव्या परगण्याचा अंमल बसविण्याच्या कामातला तो मुक्काम होता. आज ज्यास आपण महसुली दौरा म्हणू, त्याच्याशीच त्याचे नाते अधिक जवळचे. विजेत्याच्या आयुष्यातील हा भाग बखरींस रुचत नाही, पण राज्य टिकते ते याच भागावर.

निमाडचा चैत्र-वैशाख किती दाहक असतो हे त्या भागात नोकरी केलेल्यांस सांगावयास नको. त्या उन्हात पेशव्यांस ज्वर भरला आणि थोड्याच दिवसांत ते निवर्तले. वय अद्याप चाळीस पूर्ण झाले नव्हते. काशीबाई व धाकटा मुलगा जनार्दन जवळ होते. थोरला मुलगा नानासाहेब आणि बंधू चिमाजीअप्पा दूर होते. अंत्यसंस्कार नर्मदेच्या वाळवंटातच झाला. त्याच वर्षाच्या डिसेंबरात चिमाजीअप्पाही गेले. माळव्याची बादशाही सनद १७४१मध्ये आली, ती नानासाहेबांच्या हाती. ज्याने हा मुलूख मिळविला त्याची रक्षा मात्र नदीच्या अलीकडच्या काठावर राहिली.

दहनाच्या जागी नानासाहेबांच्या आज्ञेवरून राणोजी शिंदे यांनी समाधी बांधली, असे सांगितले जाते. राणोजी १७४५ साली वारले, म्हणजे हे बांधकाम मृत्यूनंतरच्या पहिल्या काही वर्षांतीलच मानावे लागते. तटबंदीसारखी दगडी भिंत, आत धर्मशाळेच्या ओवऱ्या आणि मधोमध दगडी वृंदावन. एवढेच. शिंदे-होळकरांच्या पुढील काळातील छत्र्यांवर जी कोरीव शोभा दिसते, तिचा येथे मागमूस नाही. चौथरा पाहणाऱ्यास वाटते की तो घाईने नव्हे, पण प्रवासात बांधलेला आहे. ओवऱ्यांमुळे ते स्थान वाटसरूच्याही उपयोगी पडले. स्मारकास धर्मशाळेची जोड देणे ही त्या काळाची रीत होती. मृताचे नाव राहावे आणि जिवंतांस सावली मिळावी, असा तो दुहेरी विचार.

मराठ्यांच्या उत्तरेतील पराक्रमाचा नकाशा काढावयाचा झाल्यास तो अशा समाध्यांवरूनही काढता येईल. राणोजी शिंदे शुजालपुराजवळ गेले. मल्हारराव होळकरांची छत्री आलमपुरास आहे. त्यांचे पुत्र खंडेराव १७५४ साली कुंभेरीच्या वेढ्यात पडले, त्यांची छत्री गांगरसोलीस. जयाप्पा शिंदे १७५५मध्ये नागोरजवळ मारले गेले, त्यांचे स्मारक ताऊसरला. दत्ताजी १० जानेवारी १७६० रोजी बुराडीच्या घाटावर पडले. यशवंतराव होळकरांची छत्री भानपुऱ्यास आहे. यांतील बहुतेक गावे लहान आहेत आणि तेथे आज मराठी बोलणारे घर शोधूनही क्वचित सापडेल. आपणांपैकी जे सरकारी नोकरीच्या निमित्ताने प्रांतोप्रांती फिरतात, त्यांस बदलीचे गाव म्हणून ही नावे अचानक हुकुमात दिसतात. त्यांस या स्थळांचा अर्थ घरी बसलेल्या इतिहासप्रेमीपेक्षा लवकर कळतो, कारण परमुलखात कर्तव्य करीत राहणे म्हणजे काय, हे त्यांनी अनुभवलेले असते.

रावेरचे महत्त्व ओसरले ते वाटा बदलल्यामुळे. १८१८नंतर फौजांची ये-जा थांबली. पुढे होळकर संस्थानच्या एक कोटी रुपयांच्या कर्जातून खंडवा-इंदूर लोहमार्ग झाला आणि त्याने नर्मदा मोरटक्क्यास ओलांडली. हमरस्ताही त्याच बाजूने गेला. पूल झाला की उतार कोण वापरतो? सनावदला स्टेशन आले, पेठ वाढली आणि रावेर शेतकऱ्यांचे व नावाड्यांचे गाव होऊन राहिले. १९४८मध्ये मध्य भारत आणि १९५६मध्ये मध्य प्रदेश राज्य झाले, त्या स्थित्यंतरांनी गावाच्या दिनक्रमात फारसा पालट झाल्याचे दिसत नाही. नदीने त्यास इतिहासात आणले होते. नदीवरच्या पुलाने त्यास इतिहासातून बाहेर नेले.

पुढे नदीवरील बांधाने त्याचे नाव पुन्हा वर्तमानपत्रांत आणले. मंडलेश्वरनजीकचा महेश्वर जलविद्युत प्रकल्प ४०० मेगावॅट क्षमतेचा योजिला होता. त्याच्या जलाशयाची झळ ६१ गावांस पोहोचणार होती, आणि रावेरखेडीची समाधी त्या पाण्याच्या टापूत येत होती. महाराष्ट्रात तेव्हा हळहळ व्यक्त झाली. समाधीभोवती संरक्षक भिंत बांधावी, असा विचार पुढे आला. प्रकल्प मात्र पुनर्वसनाच्या प्रश्नात आणि विजेच्या दराच्या वादात अडकला. बांध उभा राहिला, जलाशय पूर्ण भरला गेला नाही, आणि २०२० साली राज्य शासनाने वीजखरेदीचा करार रद्द केला.

या प्रकरणात एक गोष्ट मनास बोचते. आपली हळहळ बहुतांशी समाधीपुरती होती. समाधी दगडाची आहे. भिंत बांधून ती राखता येईल, प्रसंगी दगड मोजून, आकडे घालून, उंचावर नेऊन पुन्हा रचताही येतील. पण बाजीराव रावेरास का थांबले याचे उत्तर त्या दगडांत नाही. ते उत्तर नदीच्या उतारात, काठाच्या सपाटीत, सातपुड्याकडून येणाऱ्या वाटेत आणि फौजेस दाणागोटा पुरवू शकणाऱ्या त्या काळ्या जमिनीत आहे. ही सर्व भूमी पाण्याखाली गेली आणि केवळ चौथरा कोरडा राहिला, तर तो इतिहासाचा पुरावा राहणार नाही. तो नुसता पुतळ्यासारखा उरेल.

दुसरे असे की, पावणेतीनशेहून अधिक वर्षे त्या जागेची सोबत केली ती निमाडी बोलणाऱ्या शेतकऱ्यांनी. पेशवा त्यांचा नव्हता. त्याच्या मुलुखगिरीची झळ त्यांच्या पूर्वजांस बसली असणे अगदी संभवनीय आहे. तरीही परक्या मुलखातील माणसाची रक्षा आपल्या शिवारात आहे, एवढ्या नात्याने त्यांनी ते स्थान जपले. त्या गावांची घरे आणि शेते बुडीत क्षेत्राच्या यादीत गेली, तेव्हा समाधीसाठी अर्ज लिहिणाऱ्यांनी त्यांचेही नाव त्याच अर्जात घालावयास हवे होते. ज्यांनी आपला मृत सांभाळला, त्यांच्या जिवंत संसाराची चौकशी करणे हे ऋण फेडण्यापैकीच होते.

इंदूर, खंडवा किंवा भोपाळ येथे ज्यांची नेमणूक असेल त्यांनी हिवाळ्यातील एखाद्या रविवारी रावेरखेडीस अवश्य जावे. समाधीवर फूल वाहून लगेच मोटारीत बसू नये. काठापर्यंत चालत जावे, पलीकडचा तीर पाहावा आणि तेथून विंध्याकडे जाणारी वाट मनाशी आखून पाहावी. गावातल्या वडीलधाऱ्यांजवळ बसून शेतीची आणि बांधाच्या दिवसांची हकीकत विचारावी. पुस्तकात एकदाच येणाऱ्या गावास, निदान आपल्यापुरते, दुसऱ्यांदा नाव घेण्याइतके जवळ आणणे एवढे तरी आपल्या हातचे आहे.