ओल्झाकाठची दुभंगलेली नगरी

मध्य युरोपातील सायलेशिया प्रांतात ओल्झा नदीच्या दोन्ही तीरांवर वसलेले चेशीन हे नगर शतकानुशतके एका संस्थानाची राजधानी म्हणून नांदत होते, आणि १७७९ साली ऑस्ट्रिया व प्रशिया यांच्यातील तहनामाही येथेच झाला. १९१८ मध्ये ऑस्ट्रिया-हंगेरीचे साम्राज्य लयास गेले, तेव्हा कोळशाच्या खाणी व लोहमार्ग यांनी संपन्न असलेल्या या मुलुखावर पोलंड आणि चेकोस्लोव्हाकिया या दोन्ही नवोदित राष्ट्रांनी हक्क सांगितला. जानेवारी १९१९ मध्ये शस्त्रेही चालली. आणि अखेर २८ जुलै १९२० रोजी विजेत्या राष्ट्रांच्या राजदूत-परिषदेने ओल्झा हीच सरहद्द ठरविली.

किल्ला, बाजारचौक आणि जुनी पेठ पोलंडच्या वाट्याला आली, रेल्वे-स्थानक मात्र पैलतीरी राहिले. परिणामी या दोहोंना जोडणारी, १९११ मध्ये सुरू झालेली ट्राम दहाच वर्षांत बंद पडली. १९३८ मध्ये पोलंडने पैलतीर हस्तगत केला, वर्षभरातच दोन्ही तीरांवर जर्मन अंमल आला, आणि १९४५ नंतर ओल्झा पुन्हा सरहद्द झाली.

२१ डिसेंबर २००७ रोजी शेंगेन करारान्वये पुलावरील तपासणी संपली. राज्यांच्या सीमा आखणाऱ्या मुत्सद्द्यांनी मुलुखाच्या उत्पन्नाइतकीच रहिवाशांच्या नित्य वहिवाटीचीही कदर केली पाहिजे, हाच या नगरीच्या इतिहासाचा बोध होय.