पार्किंग खुर्ची
पार्किंग खुर्ची ही अमेरिकेतील बॉस्टन, शिकागो, पिट्सबर्ग आदी शहरांत हिमवादळानंतर पाळली जाणारी अलिखित प्रथा आहे. शिकागोत तिला 'डिब्ज' म्हणतात.

बर्फ सारणारी पालिकेची वाहने तो रस्त्याच्या कडेला लोटतात. त्यामुळे तेथे उभ्या असलेल्या मोटारी अधिकच गाडल्या जातात. दाबून पुन्हा गोठलेला हा बर्फ फावड्याने उपसण्यास कित्येक तास लागू शकतात. म्हणून मोटार बाहेर काढणारा रहिवासी मोकळ्या झालेल्या जागेत जुनी खुर्ची, कचरापेटी किंवा इस्त्रीचे मेज ठेवून ती अडवतो. ती जागा त्यानेच उपसली होती का, हे मात्र खुर्चीवरून कळत नाही आणि वाद बहुधा तेथूनच सुरू होतात. खुर्ची हटवून लावलेल्या मोटारींची चाके फाडल्याचे व काचा फोडल्याचे प्रकार घडले आहेत.

रस्ता सार्वजनिक असल्याने या हक्काला कायद्याचा आधार नाही. तरीही बॉस्टन पालिका हिम-आणीबाणी उठल्यानंतर ४८ तास अशा वस्तू राहू देते. २०१४-१५ च्या हिवाळ्यात तेथे ११०.६ इंच (सुमारे २८१ सेंमी) इतकी विक्रमी हिमवृष्टी झाली. २०१५ मध्येच शहरातील साउथ एंड भागाने ही प्रथा बंद केली.