अकरा ओळी, अडीच तास

11 दिवस आधी : 11 मार्च 2016
कॅलिफोर्नियातल्या ऑकलंडमध्ये राहणाऱ्या अझेर कोचुलू या तुर्की प्रोग्रामरला कॅनडातल्या 'किक' या मेसेंजर कंपनीकडून ई-मेल येतो. त्याने 'किक' नावाचे एक पॅकेज एनपीएमवर ठेवले आहे आणि कंपनीला ते नाव हवे आहे. तो नकार देतो. पत्रापत्री लवकरच वकिलांच्या धमकीपर्यंत जाते.

एनपीएम म्हणजे जावास्क्रिप्टच्या तयार पॅकेजेसचे सामायिक कोठार. टर्मिनल उघडायचे, 'एनपीएम इन्स्टॉल' टाइप करून एंटर दाबायचे, की लागणारे सगळे आपोआप उतरते. संगमनेर-लोणीच्या कॉलेजमधल्या लॅबमध्ये बसलेला विद्यार्थी असो की अमेरिकेतली बडी कंपनी, कमांड तीच आणि कोठारही तेच. काढून टाकण्याचीही कमांड आहे, 'अनपब्लिश'. तेव्हा ती पॅकेजच्या मालकाला कधीही वापरता येत होती.

4 दिवस आधी : 18 मार्च
एनपीएमचे प्रमुख आयझॅक श्लूटर नाव कंपनीला देण्याचा निर्णय कळवतात.

2 दिवस आधी : 20 मार्च
कोचुलू उत्तर देतो : मग माझी सगळीच पॅकेजेस काढा.

23 मार्च, पहाटे 3 च्या सुमारास
ही भारतीय वेळ. आपल्याकडे होळी पौर्णिमा उजाडायची आहे, कॅलिफोर्नियात 22 तारखेच्या दुपारचे अडीच वाजले आहेत. कोचुलू स्वतःच 'अनपब्लिश' वापरून आपली 273 पॅकेजेस कोठारातून काढून टाकतो. त्यांत एक आहे 'लेफ्ट-पॅड'.

काम अगदी साधे. पावती क्रमांक 45 पाच अंकी छापायचा असेल, तर डावीकडे तीन शून्ये जोडून 00045 करून देणे. कोड अवघा अकरा ओळींचा. पण महिन्याला सुमारे 25 लाख वेळा तो उतरवला जात होता, कारण 'लाइन-नंबर्स' नावाचे दुसरे पॅकेज त्यावर उभे होते आणि त्याच्या आधारावर 'बाबेल'सारखी साधने चालत होती. बाबेल वापरणाऱ्या बहुतेकांनी लेफ्ट-पॅडचे नावही ऐकले नव्हते. मुळा-प्रवरेच्या पाटावर शेती करणाऱ्याला हे वेगळे सांगायला नको. वर दार पडले, की टेलच्या शेतकऱ्याने सऱ्या-वरंबे कितीही नीट केलेले असोत, रान कोरडेच राहते.

पुढची काही मिनिटे
मिनिटाला शेकड्यांनी बिल्ड, म्हणजे कोडपासून चालते सॉफ्टवेअर तयार करण्याची प्रक्रिया, फुटू लागतात. पडद्यावर 404 : 'लेफ्ट-पॅड' रजिस्ट्रीत, म्हणजे कोठारात, नाही. स्वतःच्या कोडमधले एक अक्षरही न बदललेले लोक चूक शोधत बसतात.

पहिल्या दहा मिनिटांत
कॅमेरॉन वेस्टलँड हा प्रोग्रामर तसाच कोड त्याच नावाने पुन्हा चढवतो. कोड मुक्त परवान्याचा असल्यामुळे हे शक्य झाले. पण त्याची आवृत्ती 1.0.0, तर 'लाइन-नंबर्स' मागते नेमकी 0.0.3. बिल्ड फुटतच राहतात.

मला यातली सर्वांत भीतीदायक गोष्ट हीच वाटते. रिकामे झालेले नाव कोणीही घेऊ शकत होता. वेस्टलँड भला माणूस निघाला. त्याच नावाखाली कोणी घातक कोड ठेवला असता, तर नेमकी आवृत्ती न मागणाऱ्यांच्या संगणकांवर तो कोणतीही 404 न दाखवता मुकाट उतरला असता.

पहाटे 4:35
एनपीएम जाहीर करते : काढलेली 0.0.3 आवृत्ती परत आणतो. मालकाने काढलेले पॅकेज कोठाराने स्वतः परत बसवण्याची ही पहिलीच वेळ.

पहाटे 5:25
काम पूर्ण. अडीच तासांनी बिल्ड पुन्हा चालू लागतात.

दोष कोचुलूचा नाही, असे मी ठामपणे म्हणेन. स्वतःचे काम फुकट दिलेल्या माणसाने नियमात बसणारी कमांड वापरली. दोष त्या नियमाचा होता, आणि आपण काय उतरवतो हे कधीच न पाहणाऱ्यांचाही. एनपीएमने आठवडाभरात नियम बदलला. 24 तासांहून जुनी आवृत्ती मालकाला परस्पर काढता येणार नाही, असे तेव्हा ठरले. डावीकडे भर घालण्याची सोय तर 2017 मध्ये जावास्क्रिप्ट भाषेतच आली.

नगरच्या विद्यार्थ्यांना आणि छोट्या कंपन्यांना एक विनंती. आज आपल्या प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये 'एनपीएम एलएस' ही कमांड 'ऑल' पर्यायासह चालवा आणि येणारी यादी शेवटपर्यंत वाचा. लॉक फाइल प्रोजेक्टसोबत जतन करा. पण ती फक्त आवृत्ती बांधून ठेवते, कोड जवळ ठेवत नाही. म्हणून ज्या पॅकेजशिवाय ग्राहकाचे काम अडेल, त्याची प्रत स्वतःच्या सर्व्हरवर ठेवा.