जुन्या आगगाडीच्या डब्यांचा जीर्णोद्धार : पाठनिश्चितीचा एक प्रश्न

जुन्या ग्रंथाची चिकित्सक आवृत्ती सिद्ध करणारा संपादक आणि आगगाडीचा जुना डबा पुन्हा रुळांवर आणणारा सुतार यांच्या व्यवसायांत वरवर पाहता कसलेही साम्य दिसत नाही. तथापि दोघांपुढील मूळ प्रश्न एकच असतो. अनेक हातांतून गेलेल्या, वेळोवेळी दुरुस्त झालेल्या व अंशतः नष्ट झालेल्या वस्तूचे कोणते रूप प्रमाण मानावयाचे? ब्रिटनमध्ये १९५१ साली वेल्समधील टॅलिलिन लोहमार्ग स्वयंसेवकांनी चालविण्यास घेतला, तेव्हापासून तेथील अशा संरक्षित लोहमार्गांच्या कारखान्यांत या प्रश्नाची उत्तरे प्रत्यक्ष लाकूड, लोखंड व रंग यांच्या साह्याने दिली जात आहेत. इतिहासाच्या अभ्यासकाने ती पारखून पाहणे अगत्याचे आहे.

प्रथम ही साधने टिकली कशी, हे पाहिले पाहिजे. या दृष्टीने इंग्लंडच्या दक्षिणेकडील आइल ऑफ वाइट या बेटाचे उदाहरण बोधप्रद आहे. १९२३ मध्ये बेटावरील लोहमार्ग सदर्न रेल्वेत विलीन झाले आणि एकोणिसाव्या शतकातील चारचाकी डबे क्रमाने मोडीत निघू लागले. चाके व लोखंडी भाग यांना भंगाराची किंमत येई. वरचा लाकडी सांगाडा मात्र स्वस्तात विकला जाई. लोकांनी असे सांगाडे नेऊन जमिनीवर ठेवले आणि त्यांत सुट्टीतील निवासाची घरे थाटली, कोठे कोंबड्या पाळल्या, तर कोठे अडगळ साठविली. छपरावर छप्पर घातले गेल्यामुळे व भिंतींना बाहेरून आवरण मिळाल्यामुळे आतील लाकूड पावसापासून वाचले. रेल्वेने ज्यांचा त्याग केला, त्यांचे रक्षण गृहस्थांच्या काटकसरीने केले. राइड ते काउझ हा मार्ग १९६६ मध्ये बंद झाला. १९७१ पासून हॅवनस्ट्रीट येथे केंद्र करून त्याचा एक भाग संरक्षित लोहमार्ग म्हणून चालू झाला आणि कालांतराने हे सांगाडे तेथील कारखान्यात परत येऊ लागले.

अशा सांगाड्याचे वाचन हे एखाद्या पोथीच्या वाचनाइतकेच सावधपणे करावे लागते. रंगाचे थर एकामागून एक घासून काढले की कोणत्या कंपनीच्या काळी कोणता रंग होता, याचा क्रम हाती येतो. बुजविलेल्या खिळ्यांच्या भोकांवरून आतील आडभिंती, बाके व सामानाच्या फळ्या यांच्या जागा निश्चित होतात. छपरातील गोल भोक वरून सोडण्याच्या तेलाच्या दिव्याचे असते. पुढे त्याची जागा गॅसने व विजेने घेतली असेल, तर त्याही खुणा शेजारी आढळतात. १८८९ च्या कायद्याने उतारूंच्या गाड्यांना सलग चालणारा ब्रेक सक्तीचा केला. तेव्हा त्याची नळी बसविण्यासाठी जुन्या डब्यांवर केलेली कामे वेगळी ओळखता येतात. लिखित कागदपत्रे बहुधा खरेदी व किंमत एवढेच सांगतात. डबा प्रत्यक्षात कसा वापरला गेला, हे लाकूडच सांगते.

परंतु वाचन संपून जुळणी सुरू होताच अडचण उभी राहते. सांगाड्याला चाके नसतात. हॅवनस्ट्रीटच्या कारखान्याने यावर योजलेला उपाय असा की, सदर्न रेल्वेच्या नमुन्याच्या, सेवेतून निघालेल्या चारचाकी पार्सल-व्हॅनची पोलादी तळचौकट घ्यावी, ती आवश्यक त्या लांबीस कापून जोडावी आणि तीवर जुना सांगाडा बसवावा. अशा रीतीने एकोणिसाव्या शतकातील अंग विसाव्या शतकातील पायांवर उभे राहते. उतारूंच्या सुरक्षिततेच्या दृष्टीने ही योजना निर्दोष आहे. परंतु पाठशास्त्राच्या भाषेत बोलावयाचे, तर हा संमिश्र पाठ होय.

कालनिवडीचा प्रश्न याहूनही बिकट आहे. लंडनच्या मेट्रोपॉलिटन रेल्वेचा १८९२ मध्ये बांधलेला पहिल्या वर्गाचा ३५३ क्रमांकाचा डबा पुढे वेस्टन, क्लीव्हडन अँड पोर्टिसहेड या लहानशा लोहमार्गाकडे गेला. तो मार्ग १९४० मध्ये बंद पडल्यानंतर डब्याचा सांगाडा श्रिव्हनम या गावी जाऊन तेथे शिंप्याचे दुकान झाला. भुयारी रेल्वेच्या दीडशेव्या वर्षानिमित्त वेल्समधील फेस्टिनिओग लोहमार्गाच्या बोस्टन लॉज कारखान्यात त्याचा जीर्णोद्धार करण्यात आला आणि जानेवारी २०१३ मध्ये तो वाफेच्या एंजिनामागे लंडनच्या भुयारांतून धावला. धावला तो पहिल्या वर्गाचा डबा. शिंप्याच्या दुकानाला त्या रूपात स्थान उरले नाही. हा निर्णय सकारण होता. तरीही तो निर्णय होता, निसर्गक्रम नव्हे, हे विसरता येत नाही.

भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराच्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीत डॉ. वि. सी. सुखठणकर यांनी संदिग्ध पाठाखाली नागमोडी रेघ देण्याची पद्धत स्वीकारली. संपादकाने कोठे निश्चयाने व कोठे अनुमानाने काम केले, हे वाचकास पानावरच कळावे, हा तिचा हेतू. १९६४ च्या व्हेनिस सनदेने वास्तूंच्या बाबतीत हेच तत्त्व मांडले : जेथे तर्क सुरू होतो, तेथे पुनर्रचना थांबली पाहिजे आणि नवा भाग जुन्यापासून वेगळा ओळखू आला पाहिजे. युरोपातील संरक्षित लोहमार्गांसाठी २००५ मध्ये रीगा सनद स्वीकारली गेली, तीही याच परंपरेतील आहे. परंतु गुळगुळीत व चकचकीत रंग हाच जेथे कौशल्याचा निकष, तेथे सुताराला नागमोडी रेघ कोठे ओढता येणार?

येथेच संपादक व सुतार यांच्यातील निर्णायक भेद ध्यानात येतो. संपादकाची आवृत्ती चुकली, तरी पोथ्या कपाटात सुरक्षित राहतात. दुसरा विद्वान त्या पुन्हा उघडू शकतो. सुताराची पोथी मात्र त्याच्या आवृत्तीतच खर्ची पडते. घासलेला रंग परत येत नाही. कुजकी म्हणून काढलेली फळी जळणात गेली, तर तिच्यावरील भोके कोणी पुन्हा मोजणार नाही. यावर डबा आहे तसाच ठेवावा, असे म्हणणेही पुरेसे नाही. उघड्यावरचे लाकूड कुजतेच, आणि उतारूंच्या भाड्याविना कारखान्याचा खर्च निघत नाही. म्हणून जीर्णोद्धार अटळ मानूनही त्याला एक बंधन घातले पाहिजे. सुटे करण्यापूर्वीची मोजमापे व छायाचित्रे, रंगाचा न घासलेला एखादा पट्टा, काढलेल्या भागांचे नमुने आणि नव्या भागांवर वर्षाची खूण, एवढे जतन केले, तर डब्याच्या पोटात त्याची पाठभेदांची टीप शिल्लक राहील. एरव्ही उतारूला सुंदर डबा मिळेल. इतिहासकाराला मात्र ज्याची मूळ प्रत हरवली आहे असे एक नवे पुस्तक मिळेल.