फॉर्म ७००

२६ सप्टेंबर २०२५. शुक्रवार. चंदीगडला मिग-२१ चा निरोप समारंभ चालू होता आणि मी ऑफिसच्या कॉलवर कॅमेरा बंद करून दुसऱ्या खिडकीत तो बघत होतो. (मॅनेजर हे वाचत नाही. वाचत असेल तर नमस्कार.) हवाईदल प्रमुख ए. पी. सिंग स्वतः विमान उडवत होते. १९६३ साली याच चंदीगडला आपलं पहिलं मिग-२१ स्क्वाड्रन उभं राहिलं होतं, म्हणजे बासष्ट वर्षांनी वर्तुळ पूर्ण झालं. मला भरून वगैरे आलं आणि मी सोसायटीच्या ग्रुपवर एक फोटो टाकून खाली लिहिलं, 'अखेर उडत्या शवपेटीला निरोप.'

दहा मिनिटांत उत्तर आलं. एकच ओळ. 'संध्याकाळी चहाला ये.'

पाठवणारे होते बी विंगमधले काका. वय सत्त्याहत्तर, पाठ अजून सरळ, सकाळी साडेपाचला चालायला बाहेर. अख्खी सोसायटी त्यांना एअरफोर्सवाले काका म्हणते आणि निम्म्या लोकांचा समज आहे की ते पायलट होते. ते पायलट नव्हते. ते इंजिन फिटर होते. सातारा जिल्ह्यातल्या एका खेड्यातून १९६६ साली अठराव्या वर्षी एअरमन म्हणून भरती झाले, तांबरमला ट्रेनिंग घेतलं, वीस वर्षं नोकरी केली, सार्जंट म्हणून बाहेर पडले आणि मग माजी सैनिकांच्या कोट्यातून बँकेत लागले. बँकेतही वीसेक वर्षं काढली, पण 'नोकरी' म्हटलं की ते पहिल्या नोकरीबद्दलच बोलतात.

तर संध्याकाळी गेलो. काकूंनी पोहे पुढ्यात ठेवले आणि काकांनी थेट विषयाला हात घातला.

"तू जे लिहिलंस त्याला आकडा काय आहे?"

आकडा मला माहीत होता. गूगलची कृपा. २०१२ साली तेव्हाचे संरक्षणमंत्री ए. के. अँटनी यांनी संसदेत दिलेला. साठच्या दशकापासून घेतलेली मिग मालिकेतली ८७२ विमानं, आणि त्या वर्षीच्या एप्रिलपर्यंत ४८२ अपघात. १७१ पायलट गेले, ३९ नागरिक गेले. मी घडाघडा सांगितलं. काकांनी मान डोलावली.

"बरोबर आहे. आता हे सांग, ते विमान बनवलं कशासाठी होतं?"

इथे माझी गाडी अडली.

हा इतिहास खरं तर आपल्याला शाळेत शिकवायला हवा, पण आपला इतिहास १९४७ ला संपतो, त्यामुळे थोडक्यात सांगतो. पन्नाशीच्या दशकात सोव्हिएत युनियनला भीती होती ती उंचावरून येणाऱ्या बॉम्बर विमानांची. त्यांना गाठायला सुसाट वर चढणारं, आवाजाच्या दुप्पट वेगाने जाणारं, हलकं आणि स्वस्त विमान हवं होतं. वर जायचं, क्षेपणास्त्र सोडायचं, खाली यायचं. एवढंच काम. त्यासाठी बनवलं मिग-२१. एकच इंजिन, छोटे त्रिकोणी पंख, पोटात बेताचं इंधन. त्रिकोणी पंखांना वेगात मजा येते, पण हळू उडायचं म्हटलं की ते रुसतात. म्हणून उतरतानासुद्धा वेग ताशी तीनशे किलोमीटरच्या वर.

आपण ते घेतलं १९६२ साली. पाकिस्तानला अमेरिकेकडून एफ-१०४ स्टारफायटर मिळालं होतं, आपल्याला त्याच्या तोडीचं काहीतरी हवं होतं. पाश्चात्य विमानांचाही विचार झाला, पण रशियन लोक विमानाबरोबर ते आपल्याच देशात बनवायचा परवानासुद्धा द्यायला तयार होते. तिथे पारडं फिरलं. सांगाडा नाशिकजवळ ओझरला, इंजिन ओरिसात कोरापुटला, इलेक्ट्रॉनिक्स हैदराबादला. एकट्या ओझरच्या कारखान्यातून साडेसहाशेच्या वर मिग-२१ बाहेर पडली. आपण नाशिकला द्राक्षं आणि मिसळ यासाठी जातो, असो.

"म्हणजे ते कोर्टात धावायला बनवलेलं घोडं," काका म्हणाले, "आणि आपण त्याला टांग्याला जुंपलं, नांगराला जुंपलं, वरातीतपण नाचवलं."

(घोडं कोर्टात का धावेल हे मी विचारलं नाही. त्यांना रेसकोर्स म्हणायचं होतं.)

पण घोडं नांगरालासुद्धा चाललं, हेही त्यांनीच सांगितलं. १४ डिसेंबर १९७१. ढाक्यात गव्हर्नर हाऊसवर बैठक आहे असा सुगावा लागला, आणि विंग कमांडर बिश्नोई गुवाहाटीहून चार मिग-२१ घेऊन निघाले. हातात काय होतं तर ढाक्याचा पर्यटकांसाठी छापलेला नकाशा. उंचावरच्या बॉम्बरसाठी बनवलेल्या विमानांनी भर शहरातल्या एका इमारतीवर रॉकेट्स मारली. गव्हर्नर मलिक यांनी त्याच दिवशी राजीनामा दिला आणि दोन दिवसांनी ढाक्यात शरणागती झाली. काका तेव्हा पूर्वेकडच्याच एका तळावर होते.

त्याच दिवशी, म्हणजे १४ डिसेंबरलाच, देशाच्या दुसऱ्या टोकाला श्रीनगरला फ्लाइंग ऑफिसर निर्मलजित सिंग सेखों यांनी धावपट्टीवर बॉम्ब पडत असताना आपलं छोटंसं नॅट विमान वर उचललं आणि सहा सेबर विमानांशी ते भिडले. हवाईदलाचं आजवरचं एकमेव परमवीर चक्र.

"सेखों साहेबांचं नाव सगळ्यांना माहीत आहे, असायलाच पाहिजे," काका म्हणाले. "पण त्या सकाळी ते नॅट उडायला तयार आहे अशी सही कुणीतरी केली होती. अशा थंडीत, उघड्या हातांनी. त्याचं नाव तुला माहीत आहे? मलाही नाही."

आणि मग ते फॉर्म ७०० बद्दल बोलायला लागले.

हा फॉर्म आपल्याकडे ब्रिटिशांकडून आला. फॉर्म म्हणायचं, पण असते वही. प्रत्येक विमानाची आपली वेगळी. काय बिघडलं, काय बदललं, किती इंधन भरलं, सगळं त्यात. इंजिनवाला आपलं काम तपासून सही करतो, इलेक्ट्रिकलवाला सही करतो, शस्त्रांवाला सही करतो. शेवटी पायलट येतो, वही वाचतो आणि विमान ताब्यात घेतल्याची सही करतो. त्या सहीनंतर विमान त्याचं.

"तो विमानाला एक चक्कर मारतो, इथे तिथे हात लावून बघतो. पण इंजिनाच्या आत काय आहे ते त्याला दिसत नाही. तो काय वाचतो? माझी सही वाचतो. बावीस-तेवीस वर्षांचं पोरगं, मेस वेगळी, क्वार्टर वेगळी, त्याला सर म्हणायचं, सॅल्यूट मारायचा. पण त्या एका मिनिटात तो माझ्यावर विश्वास टाकतो. मग शिडी चढतो."

इथे मला उगाच आठवलं की गुरुवारी मी एका सहकाऱ्याचा चारशे ओळींचा कोड न वाचता 'दिसतंय ठीक' लिहून मंजूर केला होता. चहाचा घोट जरा मोठाच घेतला.

"एकदा एक विमान परत आलं नाही," काका म्हणाले.

काकू उठून आत गेल्या. त्यांनी ही गोष्ट आधी ऐकलेली असावी.

साल आणि ठिकाण त्यांनी सांगितलं, मी लिहीत नाही. त्या दिवशीच्या वहीत इंजिनापुढे काकांची सही होती. सॉर्टी चाळीस मिनिटांची. पन्नास मिनिटं झाली तरी कुणी काही बोललं नाही, कारण सगळ्यांना इंधनाचा हिशेब पाठ होता. मग एक जीप आली आणि एका अधिकाऱ्याने पहिलं काम काय केलं, तर ती वही ताब्यात घेऊन कपाटात बंद केली. पद्धतच आहे ती. चौकशी पूर्ण होईपर्यंत कुणी हात लावायचा नाही.

"रात्रभर मी मनात ते इंजिन उघडत होतो. हा नट आवळला होता का? लॉकवायर घातली होती का? घातली होती. हो, पण खरंच घातली होती का, की कालच्या विमानाला घातली ती आठवतेय?"

चौकशीत निघालं की पक्षी इंजिनात गेला होता. वहीत चूक नव्हती.

"ते कळलं तेव्हा मी देवापुढे हात जोडले," काका म्हणाले. "नारळ फोडला. आणि मग लक्षात आलं, पोरगं गेलंय आणि मी नारळ फोडतोय."

बराच वेळ आम्ही दोघं काही बोललो नाही. पंखा कुरकुरत होता.

आता, माझ्यातला इंजिनिअर गप्प बसत नाही. मी म्हटलं, काका, हे सगळं मान्य, पण मग इतकी पोरं गेली ती कशाने? सगळ्यांच्याच इंजिनात पक्षी नव्हते. मला वाटलं होतं ते चिडतील. चिडले नाहीत. उलट उठून त्यांनी एक फाईल आणली, कात्रणांची. बँकेतल्या माणसाला शोभेल अशी, नंबर घातलेली.

१९८२ साली एअर मार्शल ला फाँतेन यांच्या समितीने अपघातांचा अभ्यास करून सांगितलं होतं की प्रगत जेट ट्रेनर विमान घ्या. तेव्हा नवीन पायलट 'किरण'सारख्या सावकाश, समजूतदार विमानावर शिकायचे आणि तिथून थेट मिग-२१ वर जायचे. म्हणजे लुनावर शिकायचं आणि मग एकदम रेसिंग बाईक, तीही पावसात. मधली पायरी हवी हे १९८२ ला लेखी होतं. 'हॉक'च्या करारावर सह्या झाल्या २००४ ला. पहिली विमानं बिदरला दाखल झाली २००८ ला. मधल्या काळात सोव्हिएत युनियन कोसळलं, सुट्या भागांची ओढाताण झाली, विमानं म्हातारी झाली आणि बदली विमान येईना म्हणून त्यांचं आयुष्य वाढवत नेलं. तेजस वेळेवर आलं नाही, हे सगळ्यांना माहीत आहेच.

फाईलमध्ये एक कात्रण फ्लाइट लेफ्टनंट अभिजित गाडगीळ यांचं होतं. २००१ मध्ये सुरतगडला रात्रीच्या उड्डाणात ते मिग-२१ सह गेले. चूक पायलटची, हा निष्कर्ष आईवडिलांना मान्य झाला नाही. कविता गाडगीळ वर्षानुवर्षं हवाई सुरक्षेसाठी भांडत राहिल्या, आणि ज्या व्यवस्थेशी भांडत होत्या त्याच हवाईदलात त्यांचे पतीही अधिकारी राहिलेले होते.

"या बाईंना मी कधी भेटलो नाही," काका म्हणाले. "पण मला वाटतं त्या बरोबर होत्या. आमच्यातले काही म्हणायचे, बाहेर बोलू नये. मी म्हणतो, आमच्याकडे प्रत्येक कामाखाली सही असते. नट आवळला, सही. तेल भरलं, सही. १९८२ ते २००४ बावीस वर्षं ती फाईल ज्या ज्या टेबलावर पडून राहिली, तिथे 'मी हे थांबवलं' म्हणून कुणाची सही आहे का? तू विमानाला शवपेटी म्हणतोस. त्या बिचाऱ्या विमानाने सांगितलं होतं की मी असाच आहे, मला जपून शिका."

मी खिशातून फोन काढला आणि ग्रुपवरचं ते वाक्य डिलीट करायला लागलो. काकांनी हात धरला.

"राहू दे. खाली आकडा टाक. आणि बावीस वर्षं टाक."

टाकलं. चार अंगठे आले, एक जण म्हणाला 'काका पायलट होते ना?'

जाता जाता एक. उठताना मी म्हटलं, पंखा कुरकुरतोय, दोन मिनिटांत बघतो. काकांनी माळ्यावरून हत्यारांची पेटी काढली. आत प्रत्येक पान्याच्या, स्क्रू ड्रायव्हरच्या आकाराचा खाचा कापलेला फोम. हँगरमध्ये असंच असायचं म्हणाले. काम संपलं की मोजायचं, आणि एक जरी पाना कमी निघाला तरी तो सापडेपर्यंत विमान जमिनीवर. मी स्टुलावर चढून कॅनॉपीचा स्क्रू आवळला, खाली उतरलो, हत्यारं परत दिली. काकांनी ती एकेक करून खाच्यात बसवली. शेवटचा खाचा रिकामा होता. त्यांनी माझ्याकडे बघितलं.

टेस्टर माझ्या शर्टाच्या खिशात होता.